देवळाची वर्गणी कमी का पडते: पावतीपुस्तक छापायच्या आधी काय करायचं आणि नंतर काय, सगळे टप्पे

सप्ताह महिन्यावर आला की मला एक फोन ठरलेला असतो. कुठल्यातरी गावचा कमिटीवाला असतो आणि वाक्य तेच, "वर्गणीच जमंना हो, लोकं आता देतच नाहीत." मी पण तेच विचारतो, मागच्या वर्षीचा हिशोब कधी वाचला? की पलीकडून शांतता, मग हळूच, "तो बसायचं होतं पण राहूनच गेलं."

मी आमच्या गावच्या देवस्थानाचा नऊ वर्षं खजिनदार होतो. लोकं कंजूष झालीत हे मला तरी पटत नाही, कारण तीच माणसं बैलगाडा शर्यतीला पाच हजाराची पावती फाडतात आणि पोराच्या बारशाला अख्ख्या आळीला चूलबंद आवताण देतात. देवळाला द्यायची वेळ आली की हात आखडतो तो मागचे कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही म्हणून. आणि कमिट्या नेमकं उलटं करतात, आधी पावतीपुस्तक छापतात, मग फिरतात, मग खर्च करतात आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, हिशोब जुळवत बसतात. खाली जो क्रम दिलाय तो सप्ताहाला लागतो तसाच यात्रेला, जीर्णोद्धाराला आणि रोजच्या दिवाबत्तीलाही लागतो.

## टप्पा १: मागचा हिशोब बंद करा, नवीन पावती नंतर

सप्ताहाच्या निदान दीड-दोन महिने आधी हे संपलं पाहिजे. सगळी जुनी पावतीपुस्तकं, बिलं, बँकेचं पासबुक एका ठिकाणी आणा, एका बैठकीत बसा आणि एका कागदावर येईल एवढाच हिशोब करा. दहा पानांचा ताळेबंद सीएसाठी असतो, गावासाठी एकच पान, तेही असं (आकडे नुसते उदाहरणाचे):

मागील शिल्लक १२,३४०
वर्गणी १,८६,५००
दानपेटी ९,४६०
एकूण जमा २,०८,३००

मंडप ३८,०००
साउंड १५,०००
कीर्तनकार बिदागी आणि प्रवास ६२,०००
स्वयंपाक (आचारी, किराणा, गॅस) ७१,५००
छपाई ४,२००
इतर २,१५०
एकूण खर्च १,९२,८५०

शिल्लक १५,४५०, पैकी बँकेत १४,९०० आणि हातात ५५०

शेवटच्या ओळीत बँकेत किती आणि हातात किती हे वेगळं लिहिलंय ते मुद्दाम. नुसतं "शिल्लक १५,४५०" लिहिलं की पारावरचा पहिला प्रश्न येतो, कुणाकडं? आणि "इतर" ही ओळ जेवढी बारीक ठेवता येईल तेवढी ठेवा. गावातला सगळा संशय त्या एका शब्दात राहतो. आमच्याकडे एका वर्षी "इतर १८,०००" होतं, त्यात सगळा खरा खर्च होता, जनरेटरचं डिझेल, पाण्याचे टँकर, वायरमनचं बिल, पण कुणी फोड केली नाही आणि पुढची दोन वर्षं आम्हाला गावात "इतर कमिटी" म्हणायचे.

हा कागद देवळाच्या भिंतीवर लावा, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि एकादशीला किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी, म्हणजे माणसं गावात असतील अशा दिवशी, आरतीनंतर मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना आकडा चुकीचा निघाला तर तिथेच पेनाने दुरुस्त करा आणि शेजारी सही करा, झाकू नका.

थांबा: हिशोब जुळतच नसेल तर? जुळत नाही असं लिहा. "३,२०० रुपयांची बिलं मिळाली नाहीत" ही ओळ वाचून दाखवायला लाज वाटते खरी, पण ती वाचलेली कमिटी मी वर्गणीला कमी पडलेली बघितली नाही.

## टप्पा २: कागद आणि बँक

यात सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

देवस्थान नोंदणीकृत ट्रस्ट आहे का ते आधी बघा. महाराष्ट्रात हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं. नोंदणी असेल तर विश्वस्तांची नावं आजची आहेत का तेही बघा, कारण बऱ्याच गावात कागदावर अजून आजोबाच विश्वस्त असतात आणि त्यांना जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो राहिला की बँक सही बदलून देत नाही, सही बदलत नाही म्हणून मग पैसे कुणाच्या तरी खात्यात जातात, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

नोंदणी नसेल, नुसतं उत्सवापुरतं मंडळ असेल, तर वर्गणी मागायच्या आधी त्याच कायद्याच्या कलम ४१ सी खाली तात्पुरती परवानगी घ्यायची. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही.

खातं ट्रस्टच्या नावाने, पॅन ट्रस्टचं, सह्या किमान दोघांच्या. क्यूआर कोड बँकेकडूनच घ्या आणि भिंतीवर चिकटवायच्या आधी स्वतःच्या मोबाईलवरून एक रुपया पाठवून बघा, नाव कुणाचं दिसतं ते. देवस्थानाचं दिसलं तर ठीक. खजिनदाराच्या पुतण्याचं दिसलं तर तो पुतण्या हरिश्चंद्राचा अवतार असला तरी तो कोड लावू नका. (आणि बँकेने तो बोलणारा स्पीकर दिला तर कीर्तनाच्या वेळी बंद ठेवा. आमच्याकडे ऐन अभंगाच्या चालीत "एकावन्न रुपये प्राप्त हुए" ऐकू आलं आणि बुवांना हसू आवरेना.)

८०जी चं आश्वासन देऊ नका. "टॅक्समध्ये सूट मिळेल" असं सांगून पुणे-मुंबईच्या नोकरदारांकडून पैसे घेतात आणि मग मार्चमध्ये ते बिचारे सर्टिफिकेट मागतात. ही सूट ज्या संस्थेला प्राप्तिकर खात्याची तशी मंजुरी आहे तिच्याच देणगीला मिळते, निव्वळ धार्मिक देवस्थानाला ती सहसा नसते, आणि मंजुरी असली तरी दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला सूट नाही. त्यात १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा आहे आणि कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुन्या पावतीवरचा मजकूर तसाच छापू नका, सीएला दाखवा.

तपासा: नोंदणी क्रमांक पावतीवर छापता येईल असा हातात आहे का, पासबुक शेवटपर्यंत भरून आणलंय का, दोन सह्या करणारे दोघं सध्या गावात राहतात का.

## टप्पा ३: किती लागणार ते ठरवा आणि त्याचे तुकडे करा

"सप्ताहाला दोन लाख लागतात" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या पाचशेनं काय होणार. तोच खर्च तोडून सांगा. एका रात्रीच्या कीर्तनाची बिदागी एवढी, एका दिवसाची पंगत एवढी, काकड्याला सात दिवसांचा चहा एवढा, समईला वर्षभराचं तेल एवढं. समईचं तेल गरिबातलं गरीब घर पण आवडीने उचलतं, आणि ते घर वर्षभर देवळात आलं की आधी समईकडे बघतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पंगतीचा अंदाज आचाऱ्याला विचारून काढा, स्वतः काढू नका, आणि तो रुपयांत न लिहिता वस्तूत लिहा, तांदूळ किती, डाळ, तेल, गूळ, रवा, गॅसच्या टाक्या. म्हणजे कुणी म्हणालं "पैसे नाहीत पण दोन पोती तांदूळ माझ्याकडून" तर लगेच यादीतली ती ओळ खोडता येते. त्याच यादीवर कोपऱ्यात श्रमदानाचीही ओळ ठेवा, वाढपी, पाणी, भांडी. ते देणारं घरही देणगीदारच असतं.

जीर्णोद्धार असेल तर एक नियम पाळा, पैसे हातात आल्याशिवाय जुनं देऊळ पाडायचं नाही. उत्साहात गाभारा मोकळा करतात, देव पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवतात आणि मग सात-आठ वर्षं देव शेडमध्येच. कामाचे टप्पे पाडा, पायाचे पैसे जमले की पाया, मग गाभारा, मग सभामंडप, कळस सगळ्यात शेवटी. पैसे कमी पडतात म्हणून देवाची जमीन विकायचा विचार डोक्यात आला तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. आणि देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

## टप्पा ४: पावतीपुस्तक

आता छापा. प्रत्येक पुस्तकाला नंबर, प्रत्येक पावतीला सलग नंबर, कार्बनची दुसरी प्रत. पावतीवर देवस्थानाचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, देणगीदाराचं पूर्ण नाव, रक्कम अंकात आणि अक्षरात, रोख की युपीआय की चेक, कशासाठी दिली, आणि घेणाऱ्याची सही. "कशासाठी" हा रकाना लोकं हमखास सोडतात आणि टप्पा ९ ला तोच आडवा येतो.

कुठलं पुस्तक कुणाला, किती तारखेला दिलं आणि कधी परत आलं याची एक साधी वही ठेवा, सहीसकट. ही वही नव्हती म्हणून मी पोळलोय. माझ्या तिसऱ्या वर्षी सात नंबरचं पुस्तक एकाबरोबर मुंबईला गेलं आणि आठ महिन्यांनी परत आलं, त्यात अकरा पानं नव्हती. त्या माणसाने पैसे बरोबर आणून दिले होते, पानं पावसात भिजली म्हणाला, मला अजूनही तो खरं बोलला असंच वाटतं. पण पुढं दोन वर्षं मी कुठल्याही दारात गेलो की आधी चहा आणि मग, "ते सात नंबरचं काय झालं हो?"

पावती चुकली तर फाडून फेकायची नाही. दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या आणि आडवी रेघ मारून "रद्द" लिहायचं. देणगीच्या पावतीला रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही, मोबदल्याशिवाय दिलेल्या पैशाच्या पावतीला कायद्यात सूट आहे. आणि एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याच्यावर रोख घ्यायचीच नाही, कायद्याने मनाई आहे. तेवढं देणाऱ्याला चेकने द्यायला सांगा, तो रागावत नाही.

## टप्पा ५: कोण फिरणार, कधी, आणि दारात काय बोलणार

जोडीने फिरा, एकजण पैसे घेईल आणि दुसरा लिहील. जोडीत एक बाई असेल तर फार बरं, कारण बऱ्याच घरात दुपारी बायकाच असतात आणि चार बाप्ये दारात उभे राहिले की त्या "मालक घरी नाहीत" म्हणून मोकळ्या होतात.

वेळ बघा. उसाचं बिल जमा व्हायच्या आधी, शाळेच्या फीच्या महिन्यात, पेरणीच्या तोंडावर जाऊ नका. सुतक असलेल्या घरी जाऊ नका, त्यांचं नाव वहीत घ्या आणि दिवस झाल्यावर जा, राहू मात्र देऊ नका, नाहीतर तेही मनाला लावून घेतात.

पहिल्या दिवशी सगळ्यात आधी कमिटीतल्या लोकांनी स्वतःच्या पावत्या फाडायच्या. याला फाटा देऊ नका, कारण पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघणारी माणसं गावात असतातच.

दारात काय बोलायचं? "सप्ताहाची वर्गणी" एवढं बोलून पुस्तक उघडून उभं राहायचं नाही. मी असं करायचो,

"तात्या, हा मागल्या सालचा हिशोब, बघून घ्या. पंधरा हजार शिल्लक राहिली, बँकेत आहे. यंदा पाच पंगती उचलल्या गेल्या, दोन राहिल्यात. कीर्तनं सगळी झाली. तेल-साखर अजून कुणी घेतलं नाही."

आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं शिकायला मला चार वर्षं लागली. आपण घाईने "हजार तरी द्या" म्हणतो आणि जो तीन हजार देणार होता तो हजारावर थांबतो, तर ज्याच्याकडे दोनशेच आहेत तो दार लोटून घेतो.

थांबा: उंबऱ्यामागे पट्टी बसवायची का, हा वाद सगळीकडे आहे. माझं मत, ठरलेली रक्कम असावी पण छोटी, शंभर-दोनशे, आणि तीही सक्तीने नाही. पट्टी दिली नाही म्हणून पंगतीत पान वाढणार नाही, पालखी दारात थांबणार नाही, असलं काही केलं तर ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते.

## टप्पा ६: नावं कशी वाचायची

माईकवरून रकमेच्या क्रमाने नावं वाचू नका. अकरा हजारवाला पहिला आणि एकावन्नवाला शेवटी, तोवर लोकं उठून गेलेली. आळीच्या क्रमाने वाचा, रक्कम नको, नुसती नावं. रक्कम भिंतीवरच्या यादीत असतेच, ज्याला बघायची तो बघतो. गुप्तदानवाल्याचं नाव पावतीवर घ्या पण यादीत "गुप्तदान" लिहा, आणि त्याने सांगितलंय ना, मग चहाच्या टपरीवर पण गुप्तच ठेवा.

## टप्पा ७: पैसा, धान्य, सोनं आणि लिलाव

रोज संध्याकाळी सगळी पुस्तकं आणि रोख एका जागी आणायची, कुठल्या नोटा किती ते लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचं. वर्गणीच्या पैशातून परस्पर मंडपवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा नाही. आलेला पैसा आधी बँकेत, खर्च नंतर बँकेतून. किरकोळीसाठी पाच हजार हातात ठेवा, ते संपले की बिलं दाखवून परत घ्या. बिल मिळत नसेल, म्हणजे हमाल, भांडी घासणाऱ्या मावशी, तर साध्या कागदावर व्हाउचर करून सही किंवा अंगठा घ्या.

दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरात. उघडताना निदान चार माणसं, त्यातली दोन कमिटीबाहेरची. मोजलेला कागद तिथेच सह्या करून भरणा स्लिपला टाचा.

धान्याची वेगळी वही ठेवा. उरलं तर तिथेच विकून पैसे जमा करा, "नंतर बघू" म्हटलं की उंदीर बघतात. सोन्याचांदीचा दागिना आला तर देणाऱ्यासमोर सोनाराकडे वजन करा, पावतीवर वजन लिहा, अंदाजे किंमत नाही, फोटो काढा आणि लॉकरला टाका.

आता लिलाव. काल्याच्या दिवशी नारळाची, हाराची बोली लागते, माणूस भरात येऊन अकरा हजार बोलतो, टाळ्या होतात, आणि पुढच्या सप्ताहापर्यंत तो कमिटीतल्या माणसाला बघून रस्ता बदलतो. दोन गोष्टी करा. बोली लागायच्या आधी सांगा की पंधरा दिवसांत पैसे द्यायचेत. आणि हिशोबात ती रक्कम "येणे" म्हणून वेगळी दाखवा, जमेत धरू नका, कारण त्या अकरा हजारांच्या भरवशावर साउंडवाल्याला शब्द दिला की तुम्हीपण रस्ता बदलायला लागता.

## टप्पा ८: बाहेरगावचे

चाकरमान्यांना सप्ताहाच्या आदल्या आठवड्यात फोन करू नका, हिशोबाचा कागद लावला त्याच दिवशी पाठवा. युपीआयने पैसे आले की स्क्रीनशॉटवर पावती फाडू नका, खात्यात आलेले दिसले की मग फाडा आणि फोटो काढून त्याच दिवशी पाठवा. स्क्रीनशॉट जुना पण असू शकतो, मुद्दाम असं नाही, घाईत चुकीचा पाठवतात लोकं.

परदेशातले असतील तर एक प्रश्न आधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारताचा पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परकीय देणगी, आणि एफसीआरए म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसलेल्या देवस्थानाला ती घेता येत नाही. मग भावाच्या खात्यात पाठवून तिथून देवळाला, असली आडवाट काढू नका.

## टप्पा ९: सप्ताह झाल्यावरचे पंधरा दिवस

मंडप सुटला की कमिटी पण सुटते, नेमकं तेव्हाच बसायचं असतं. देणेकऱ्यांची बिलं आधी भागवा, मग पावतीपुस्तकं आणि बँक जुळवा.

ज्या कामासाठी पैसे दिलेत त्याच कामाला वापरा. कळसासाठी आलेले पंगतीत गेले, असं झालं तर पुढं कळसाला कुणी देत नाही. म्हणून पावतीवर तो "कशासाठी" रकाना. खरंच बदल करायचा असेल तर देणाऱ्याला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, त्यांना फक्त विचारलेलं हवं असतं.

उरलेला पैसा बँकेत ठेव म्हणून ठेवा. गावात दोन टक्क्याने फिरवू नका, पतसंस्थेत जास्त व्याज मिळतंय म्हणून टाकू नका, देवाचे पैसे आहेत कोण बुडवणार असं म्हणत जुन्या कमिट्यांनी काय काय बुडवलंय ते प्रत्येक गावाला माहीत असतं. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा ते कायद्याच्या कलम ३५ मध्ये ठरवून दिलंय. वर्षाचं ऑडिट मार्च संपल्यापासून सहा महिन्यांत करून घ्या.

आणि खजिनदार बदलणार असेल तर तोंडी चार्ज देऊ नका. एक यादी करा: पासबुक, चेकबुक, मोबाईल नंबर जो बँकेला जोडलाय, वापरलेली पुस्तकं नंबरसकट, कोरी पुस्तकं नंबरसकट, दानपेटीची किल्ली, लॉकरची किल्ली, दागिन्यांची वही, भांड्यांची यादी, येणं कुणाकडे आणि किती. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती. मी चार्ज दिला तेव्हा पातेली मोजायला अख्खी दुपार गेली, एक मोठं घमेलं कमी निघालं, ते तीन दिवसांनी एका लग्नघरी सापडलं.